कच्चं की शिजलेलं? हा शब्द नसलेला डाएट चार्ट डॉक्टरांना परत करा

आज थोडं रागावून लिहितोय. राग आहाराचे तक्ते लिहून देणाऱ्या आम्हा डॉक्टरांवर आहे, आणि त्यात मी स्वतः आलोच.

चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करणारे एक गृहस्थ माझे पेशंट आहेत. वय पंचेचाळिशीच्या आसपास. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू. तीन महिन्यांची सरासरी साखर वाढली होती, पोटही सुटलं होतं, म्हणून मी त्यांना आहार लिहून दिला. त्यात धान्य-डाळीची ओळ अशी होती: "दिवसभरात तांदूळ/भात १०० ग्रॅम, गहू/पोळी १०० ग्रॅम, डाळ/वरण ६० ग्रॅम."

माणूस शिस्तीचा. आयुष्यभर कामावर मापात काम करण्याची सवय. त्यांनी स्वयंपाकघरासाठी छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि ताटात वाढलेलं जेवण मोजून खायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीत, पहाटे तीनच्या सुमारास, त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या मशीनवरच्या पोराने ते ओळखलं, मशीन बंद केलं आणि भरपूर साखर घालून चहा पाजला. चहा पिऊन झाल्यावर तपासलेली साखरही ६० च्या खाली होती. प्रेस मशीनवर हाताचा अंदाज चुकला असता तर काय झालं असतं, हे या भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको समोर बसले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही लिहून दिलंत त्याच्यावर एक ग्रॅमही खाल्लेलं नाही." वहिनी म्हणाल्या, "मी रोज सांगत होते, एवढ्याशा भातावर माणूस पाळी करंल का? पण काट्यापुढं माझं कोण ऐकतंय!"

वहिनींचं बरोबर होतं. चुकलं होतं माझं.

एका तिरक्या रेघेची किंमत

माझ्या मनात १०० ग्रॅम म्हणजे कच्चे तांदूळ होते. त्यांनी मोजला शिजलेला भात. माझ्या मनात १०० ग्रॅम कणीक होती, त्यांनी मोजल्या भाजलेल्या पोळ्या. माझ्या मनात ६० ग्रॅम कोरडी डाळ होती, त्यांनी वाटीत ६० ग्रॅम वरण घेतलं, म्हणजे जेमतेम चार-पाच चमचे.

हिशोब करून पाहू. (बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती शास्त्रात किलोकॅलरी असते. इथे मी बोलीतलाच शब्द वापरतो.)

- मला अपेक्षित: १०० ग्रॅम तांदूळ म्हणजे सुमारे ३५५ कॅलरी, १०० ग्रॅम कणीक म्हणजे सुमारे ३२०, ६० ग्रॅम तूरडाळ म्हणजे सुमारे २००. एकूण साधारण ८७५.
- त्यांनी खाल्लं: १०० ग्रॅम भात म्हणजे सुमारे १३०, १०० ग्रॅम कोरडी पोळी म्हणजे सुमारे २५०, ६० ग्रॅम वरण म्हणजे फार तर ४०. एकूण साधारण ४२०.

निम्म्याहूनही कमी. त्यातही ग्लिमेपिराइड ही गोळी तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही, ती आपलं साखर उतरवण्याचं काम करत राहते. अन्न अर्धं आणि गोळी पूर्ण, वर रात्रपाळी. साखर उतरली नसती तरच नवल.

"तांदूळ/भात" यांच्यामधली ती तिरकी रेघ मी वर्षानुवर्षं मारत आलोय. तांदूळ आणि भात जणू एकाच वस्तूची दोन नावं आहेत! इतर डॉक्टरांनी, दवाखान्यांनी, जिमच्या प्रशिक्षकांनी लिहिलेले तक्तेही पेशंट मला दाखवतात. त्यातल्या कितीतरी तक्त्यांवर नुसतं "राइस ६० ग्रॅम, दाल ३० ग्रॅम" असतं. कच्चं की शिजलेलं, याचा पत्ता नाही. मराठीने आपल्याला तांदूळ आणि भात, कणीक आणि पोळी, डाळ आणि वरण असे दोन-दोन चोख शब्द दिलेत. आम्ही मात्र "राइस" लिहून दोन्हींचा काला केला.

पुस्तकातला आकडा कच्च्याचा असतो

भारतात अन्नाच्या कॅलरी आणि प्रथिनांचे जे आकडे वापरले जातात, त्यांचा मूळ आधार म्हणजे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. या संस्थेने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेलं कोष्टकांचं पुस्तक आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी वापरलं. पुढे २०१७ मध्ये ५२८ अन्नपदार्थांची नवी कोष्टकं आली. त्यांतली धान्यं, डाळी, भाज्या, मांस यांचे आकडे कच्च्या पदार्थाचे आहेत. त्याचं कारण सरळ आहे. कच्चा तांदूळ पिंपरीत काय आणि परभणीत काय, साधारण सारखाच. भात मात्र घरोघरी वेगळा. कुणाकडे मोकळा, कुणाकडे आसट, आजारी माणसासाठी गुरगुट्या. शंभर ग्रॅम तांदळाचा भात पाण्याप्रमाणे अडीचशे ग्रॅमही होतो आणि तीनशेच्या वरही जातो.

पाण्याला कॅलरी नसतात. भात फुगतो तो पाण्याने, चिकन आकसतं ते पाणी गेल्यामुळे. काटा बिचारा अन्न आणि पाणी एकत्रच मोजतो.

याच संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला २००० कॅलरींच्या ताटासाठी त्यांत धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम असं प्रमाण दिलंय. हे धान्य आणि डाळ कच्च्या वजनाने आहेत. पण कुणी ८५ ग्रॅम वरण मोजून "आजची डाळ झाली" म्हणून खूण केली, तर त्याच्या पोटात कोरडी डाळ जाते १२-१५ ग्रॅम. आधीच आपल्या ताटात प्रथिनांची चणचण, त्यात हा हिशोब.

शाळेची खिचडी आणि शिवभोजन थाळी

कागदावरचा ग्रॅम कसा फसवतो, याचं आपल्याच राज्यातलं एक उदाहरण देतो.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी निकष आहे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी मिळायला हव्यात. दुसरीकडे, २६ जानेवारी २०२० रोजी राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. १० रुपयांत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण.

आता हे दोन कागद शेजारी ठेवा. सहा वर्षांच्या पोराला १०० ग्रॅम, मोठ्या कष्टकऱ्याला १५० ग्रॅम भात आणि वर दोन चपात्या. वाचणारा म्हणेल, ठीकच आहे, मोठ्या माणसाला दुप्पट मिळतंय.

पण शाळेचा ग्रॅम कच्चा आहे आणि थाळीचा ग्रॅम शिजलेला. थाळीतला १५० ग्रॅम भात म्हणजे सुमारे ५५ ग्रॅम तांदूळ. ३० ग्रॅमच्या दोन चपात्यांत मिळून ४५-५० ग्रॅम कणीक. बेरीज होते साधारण १०० ग्रॅम धान्य. म्हणजे थाळीतलं धान्य पहिलीतल्या मुलासाठी ठरवलेल्या धान्याइतकंच! योजनेला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. दहा रुपयांत गरम जेवण मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण ओझी उचलणारा माणूस त्या एका थाळीनंतर पुन्हा भुकेला का होतो, हे नुसते ग्रॅम वाचून कळणार नाही. कच्चं की शिजलेलं हे विचारल्यावरच कळतं.

शाळेच्या निकषाची पडताळणीही अशीच होते. १०० ग्रॅम कच्चं धान्य सुमारे ३५० कॅलरी, २० ग्रॅम डाळ ६५, तेल ४५. थोडी भाजी धरली की ४५० पूर्ण होतात. तेच आकडे शिजलेल्या अन्नाचे धरले तर बेरीज त्याच्या निम्म्यावरच अडकते.

आचाऱ्याला कळतं ते आम्हाला का कळत नाही?

लग्नाच्या आचाऱ्याला विचारा, "पाचशे पानं आहेत, सामान किती लागेल?" तो तांदूळ, डाळ, कणीक, तेल किलोत सांगेल. "भात इतके किलो लागेल" असं तो कधीच म्हणणार नाही. भोसरी, चाकणच्या कारखान्यांतल्या कँटीनचा स्टोअरकीपरही माणसांमागे तांदूळ-डाळ काढून देतो. आपल्याकडे त्यासाठी "शिधा" हा सुंदर शब्द आहे. शिधा नेहमी कोराच मोजतात. रेशनवर मिळतो तो शिधा, पूर्वी दारात येणाऱ्याला सुपातून घातला जायचा तोही शिधा. मोजायची जागा चुलीच्या अलीकडे असते, हे या सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही शिकलेल्या लोकांनी मोजणं चुलीच्या पलीकडे, ताटापाशी नेलं आणि घोळ घातला.

"पण शेवटी आपण शिजलेलंच खातो ना?"

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. खातो शिजलेलंच. शिजलेलं मोजायलाही माझी हरकत नाही, पण मग त्याला आकडाही शिजलेल्याचाच लावा. भात मोजून तांदळाचा आकडा लावला की हिशोब अडीच-तीन पटींनी चुकतो. तांदूळ मोजून मोबाइल ॲपमध्ये "शिजलेला भात" निवडला तर तो तितकाच उलटा चुकतो. १५० ग्रॅम तांदूळ कुकरला लावून तो भात एकट्याने संपवणारा तरुण ॲपमध्ये १९५ कॅलरी नोंदवतो, प्रत्यक्षात खातो ५३० च्या वर. वर माझ्याकडे येऊन विचारतो, "डॉक्टर, थायरॉईड तपासायचं का? कमी खाऊनही वजन वाढतंय."

दुसरा युक्तिवाद असा, की कसंही मोजा, रोज एकाच पद्धतीने मोजा म्हणजे झालं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. एकच पदार्थ रोज खाणाऱ्याला ते चालेलही. पण प्रत्येक पदार्थाची चूक वेगळी असते, काही वेळा दिशाही उलटी. साधारण अंदाज असा:

- तांदूळ १०० ग्रॅम: भात २५० ते ३०० ग्रॅम
- कणीक १०० ग्रॅम: फुलके १२५ ते १३५ ग्रॅम
- ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम: भाकरी १४० ते १५० ग्रॅम
- तूरडाळ १०० ग्रॅम: घट्ट वरण ३०० ग्रॅम, पातळ आमटी ६०० ते ८०० ग्रॅम
- मटकी १०० ग्रॅम: मोड आल्यावर दुप्पट किंवा थोडी जास्त
- बिनहाडाचं चिकन १०० ग्रॅम: शिजल्यावर ७० ते ७५ ग्रॅम
- तेल १०० ग्रॅम: कढईत काय आणि भाजीत काय, १०० ग्रॅमच, ९०० कॅलरी

आज भात-आमटी, उद्या भाकरी, रविवारी चिकन असं खाणाऱ्याची चूक रोज बदलते. ती "सगळीकडे सारखीच" राहत नाही. आणि तुम्ही साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल, तर डोस ठरवताना डॉक्टरांनी जे प्रमाण गृहीत धरलंय तेच तुमच्या पोटात जायला हवं. तिथे "साधारण सारखं" चालत नाही.

तिसरे लोक म्हणतात, एवढं मोजायचंच कशाला, आपले आजी-आजोबा मोजत होते का? बहुतेकांना काटा लागत नाही हे मलाही मान्य आहे. ताटात भाजी-कोशिंबीर वाढवली, तेल-साखर आवरलं, रोज चाललात, तर पुष्कळ झालं. पण डॉक्टरांनी ज्याला ग्रॅममध्ये लिहून दिलंय त्याला "मोजू नका" सांगून सुटका होत नाही. त्याला नीट मोजायला शिकवावं लागतं.

जिमच्या पोरांनो

निगडी-आकुर्डीकडची जिमला जाणारी मुलं माझ्याकडे येतात आणि प्रथिनांचा हिशोब सांगतात. "सर, १०० ग्रॅम सोया चंक्स घेतो, ५२ ग्रॅम प्रोटीन." पाकिटावर ५२ लिहिलेलं असतं ते कोरड्या चंक्सचं. भिजवून, पिळून, मग काट्यावर १०० ग्रॅम ठेवलंत तर प्रथिनं मिळतात १७ ते २० ग्रॅम. मोड आलेल्या मटकीचंही तसंच. कोरड्या मटकीचा आकडा तिला लावू नका.

चिकनची गंमत उलटी. कच्च्या १०० ग्रॅममध्ये साधारण २२ ग्रॅम प्रथिनं. शिजल्यावर पाणी जातं, म्हणून शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ३० च्या आसपास. शिजताना प्रथिनं वाढली असा याचा अर्थ नाही, तुकडा लहान झाला एवढंच.

मग करायचं काय?

घरी जेवणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपी रीत सांगतो.

१. काटा जेवणाच्या टेबलावरून उचला आणि ओट्यावर ठेवा. तांदूळ, डाळ, कणीक शिजवण्याआधी, कोरडं असताना, धुण्या-भिजवण्याआधी मोजा.

२. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा करून भिंतीवर लिहून ठेवा. समजा चौघांसाठी २५० ग्रॅम तांदूळ लावला. भात झाल्यावर पातेल्यासकट वजन करून पातेल्याचं वजा केलं, भात भरला ७०० ग्रॅम. तुम्ही घेतला १८० ग्रॅम. १८० ला २५० ने गुणा आणि ७०० ने भागा. उत्तर ६४. म्हणजे तुम्ही ६४ ग्रॅम तांदूळ खाल्ला, सुमारे २३० कॅलरी. तुमच्या घरचं पाण्याचं माप ठरलेलं असतं, त्यामुळे दोन-तीनदा हे केलंत की आपल्या वाटीत किती तांदूळ बसतो ते पाठ होईल. मग काटा कपाटात ठेवून द्या.

३. पोळीला काटाही नको. एक किलो कणकेच्या किती पोळ्या होतात ते मोजा. ४० झाल्या तर एका पोळीत २५ ग्रॅम कणीक. वर लावलेलं तेल-तूप वेगळं धरा.

४. तेल बाटलीवरून मोजा. पिशवी फोडली त्या दिवशी तारीख लिहा. चौघांचं घर असेल तर माणशी रोज २७ ग्रॅम धरून महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास तेल आणि तूप मिळून व्हायला हवं. भाजीचं वजन करत बसू नका. मेथीच्या जुडीपेक्षा फोडणीच्या पळीत आणि दाण्याच्या कुटात कॅलरी कितीतरी जास्त असतात.

५. आणि हे सगळं स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारून करा. डब्यातून किती वाट्या तांदूळ काढला, हे घरात फक्त तिला माहीत असतं. आपल्याकडचे पुरुष बायकोने वाढलेल्या ताटाचं वजन करतात, पण "आज डाळ किती घातलीस?" एवढं विचारत नाहीत. वहिनींना कोणी विचारलं असतं, तर ती रात्र टळली असती.

मेसवर किंवा कँटीनमध्ये जेवणाऱ्यांना कच्चं मोजता येत नाही, हे मला माहीत आहे. चार-पाच जणांत खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना ओटाच नसतो. त्यांनी पोळ्या मोजाव्यात आणि मेसवाल्या मावशींना विचारावं, "किलोत किती पोळ्या करता?" भातासाठी शिजलेल्याचा आकडा धरावा, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे १३० कॅलरी. आमटी पातळ असेल तर तिला डाळ समजू नये. दोन वाट्या प्यायलात तरी कोरडी डाळ २५-३० ग्रॅमच्या पलीकडे फारशी जात नाही. तिच्या जोडीला उसळ, दही, अंडं काहीतरी घ्या.

साखर उतरली तर

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं अशी लक्षणं दिसली की मशीन किंवा गाडी लगेच थांबवा. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांनी साखर तपासा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. जेवणाचं प्रमाण किंवा पाळी बदलणार असाल तर गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. स्वतःच्या मनाने गोळी बंदही करू नका.

शेवटचं

त्या गृहस्थांची ग्लिमेपिराइड मी कमी केली आणि तक्ता नव्याने लिहिला. आता त्यावर "कोरडा तांदूळ", "कोरडी कणीक", "कोरडी डाळ" असं ठळक अक्षरात आहे, आणि खाली त्यांच्याच घरच्या वाटीचं आणि पोळीचं प्रमाण आहे. ते वहिनींनी मोजून सांगितलं.

तुमच्याकडे डाएट चार्ट असेल तर आज तो काढून बघा. माझ्या हातचा असला तरी. जिथे ग्रॅम लिहिलंय आणि कच्चं की शिजलेलं ते लिहिलेलं नाही, तिथे पेनाने गोल करा आणि ज्याने लिहिला त्याच्यासमोर ठेवा. "डॉक्टर, हे तांदूळ की भात?" एवढाच प्रश्न विचारा. कुणी रागावलं तर रागावू द्या. उत्तर घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.